दुधाच्या नळीतून धूर

सगळा धाराशिव जिल्हा पाऊस पडत नाही या काळजीनं वाळत चालला होता, त्या दिवसांत ‘पाऊस पडला तर काय?’ या काळजीनं खंगलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्याच नात्यात निघाला. ते माझे थोरले साडू. माझी बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो. आभाळात ढग दिसला की गल्लीतले लोक हात जोडत आणि दाजी घरात जाऊन तेलाची बाटली घेऊन येत. बिजागऱ्या, कड्या, कुलपं, अडकित्ता, आडावरचा रहाट, छत्रीच्या काड्या, सगळ्यांना त्यांच्या हातून तेल मिळे. जेवायला बसले तरी पाटाच्या खिळ्यावर बोट फिरवून ते नाकाशी नेत. “गंजाला पानी लागत न्हाय, गुरुजी,” ते मला बजावत, “नुस्ती हवा पुरती. मानूस झोपतंय, गंज झोपत न्हाय.” माझ्या लग्नात त्यांनी पितळेची समई आहेर केली आणि अक्षता पडल्या पडल्या कानाशी येऊन सांगितलं की पितळ हिरवं पडतं, पण भोक पडू देत नाही. संसाराच्या सुरुवातीला मला मिळालेला हा पहिला उपदेश.

भोक हाच त्यांचा खरा वैरी होता, आणि त्याला कारण होतं. लष्करानं बाद केलेली, दोनतीन मालकांच्या हातून फिरलेली एक जीप त्यांनी घेतली होती. त्या जीपमधून सोलापूरला जाताना अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, दम्याचा पहिला मोठा झटका आला. तुळजापूरचा घाट उतरताना त्या अशा गुदमरल्या की ओठ निळे पडले. दाजींनी गाडी थांबवून खाली वाकून पाहिलं, तर इंजिनातून निघणारा धुराचा पाईप गंजून करंगळीएवढं भोक पडलेलं, आणि तेही नेमकं अक्कांच्या पायाखाली. झालं! दम्याचा आणि गंजाचा त्यांच्या डोक्यात जो सांधा बसला तो कुठल्याच पान्यानं सुटेना. दर पंधरवड्याला अक्कांना सोलापूरच्या डॉक्टरांकडं न्यावं लागे. एस.टी.च्या गर्दीत त्यांचा जीव घाबरा होई, म्हणून जीपशिवाय इलाज नव्हता. आणि आपली बायको एक दिवस आपल्याच गाडीत, आपल्याच धुरानं जाईल, ही धास्ती दाजींच्या मानगुटीवर बसली होती. निघण्याआधी ते इंजिन चालू ठेवून, ताडपत्रीचे पडदे पाडून पंधरा मिनिटं एकटेच आत बसत आणि खोल श्वास घेत. मी तिथं असलो की मलाही बसवत. “तुमची छाती तरणी हाय, लौकर कळंल,” असं वर म्हणत. काय कळेल ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मला विचारवलं नाही.

ठिगळं लावून लावून त्या पाईपची गोधडी झाली, तेव्हा दाजींनी ठरवलं की इंजिनाला बसवलेलं, धूर गोळा करणारं जुनं ओतीव बिडाचं धूड काढूनच टाकायचं आणि इंजिनाच्या एकेका तोंडाला स्वतंत्र नळी जोडून पुढं त्या सगळ्या एकात एक मिळवायच्या. नकाशा त्यांनी माझ्या शाळेच्या फळ्यावर काढला. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरांनी तो गोदावरीचं खोरं म्हणून वहीत उतरवून घेतला. प्रश्न होता धातूचा. महिनाभर दाजींना दुसरा विषय नव्हता. तांबं मऊ, पितळ आचेला तडकतं, साधं लोखंड म्हणजे दावणीला बांधलेला गंज. पाईपला आतून कल्हई लावता येईल का, असं त्यांनी कल्हईवाल्याला खरंच विचारलं, आणि त्या बापड्यानं बराच वेळ भाता न हलवता त्यांच्याकडं पाहिलं. शेवटी न राहवून मी म्हणालो, “दाजी, तुम्ही दूध संघात यंत्रं सांभाळता. दुष्काळानं दूध आटलंय, स्टेनलेसच्या नळ्या भंगारात निघाल्यात, लिलाव लागलाय. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?” दाजींचा चेहरा असा झाला की मी जणू देव्हाऱ्यात चपला घालून गेलो होतो. “दुधाच्या नळीतून धूर सोडू? लेकरांच्या तोंडचं दूध वाहिलंय तिच्यातनं. त्ये पाप कुठं फेडू?”

म्हणून त्यांनी पाण्याची नळी निवडली. गावाकडच्या शेतातली बोअर कोरडी पडली होती, तिच्यातून उपसलेला जस्ताचा मुलामा दिलेला पाईप पडून होता. “जो पानी पिऊन गंजला न्हाय, त्यो धूर पिऊन काय गंजतोय?” हा त्यांचा सिद्धान्त. वेल्डर होता एक म्हातारा, त्याला सगळे चाचा म्हणत. त्यानं पाईप पाहताच मान हलवली. “दाजी, ह्याच्यावर जस्त हाय. तापलं की धुवाँ होऊन उडतंय. मानसाला बाधतंय ते.” पण दाजींना ‘जस्त’ एवढंच ऐकू आलं आणि ते खूश झाले. चाचा तोंडाला ओलं फडकं बांधून काम करत होता, आणि दाजी दिवसभर त्याच्या खांद्यावरून वाकून एकेक सांधा पाहत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, अक्कांना बसवण्याआधी परीक्षा म्हणून, आम्ही दोघं पडदे पाडून सोलापूरच्या रस्त्यानं तामलवाडीच्या दिशेनं निघालो. तुळजापूर मागं टाकेपर्यंत नळ्या चांगल्याच तापल्या. पांढुरका, गोडसर वासाचा धूर पायातून वर यायला लागला आणि तोंडात पैसा धरल्यासारखी चव आली. मी माझ्या बाजूचा पडदा वर केला. दाजी ओरडले, “पाडा पडदा! परीक्षा हाय ही!” मी पाडला नाही. आयुष्यात मी त्यांचं न ऐकलेलं ते एवढंच.

परत येईस्तोवर दाजींचे दात वाजायला लागले होते. ऐन वैशाखात, दुपारी, दोन वाकळा आणि वर माझं धोतर पांघरून तो माणूस कुडकुडत होता. छाती भरून आलेली, खोकला थांबेना. डॉक्टर हिवताप म्हणाले. चाचा निरोप मिळताच आला, कपाळाला हात लावून म्हणाला, “जस्ताचा ताप हाय. म्या सांगितलं व्हतं. उद्याच्याला उतरंल,” आणि उशाशी बसून राहिला. मी मात्र पार घाबरलो होतो. उतरला नाही तर? मी स्वयंपाकघरात गेलो आणि अक्कांवर चिडलो, हे आज सांगायला लाज वाटते. म्हणालो, “तुमच्या दम्यापायी हे एक दिवस जीव घालवून बसतील. तुम्ही तरी सांगा त्यांना, पुरे करा म्हणून.”

अक्का काढा ढवळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

“गुरुजी, माझा दमा धुराचा न्हायच,” त्या म्हणाल्या. “सोलापूरच्या डागदरानं पैल्याच खेपेला सांगितलं, ह्ये भाईर गाडीखाली वाकले व्हते तवा. मागल्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात व्हते न्हाय का, त्या धुळीचा हाय. जीपमधी आला, ते भोक तितंच घावलं, एवढंच.”

“मग दाजींना का नाही सांगितलं?”

“सांगून?” त्या हळू बोलत होत्या, जोरात बोललं की त्यांना धाप लागे. “पाऊस त्यांच्या हातात न्हाय. धूळ त्यांच्या हातात न्हाय. त्यो पाईप तेवढा हाय. त्यो बी काढून घेऊ व्हय?”

मी उगाच चुलीतली लाकडं आत सारली.

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. तिसऱ्या दिवशी अक्कांनी दाजींना सांगितलं की दुधाची नळी माणसाच्या श्वासासाठी वापरली तर दुधाला वाईट वाटणार नाही. मला जे सात दिवस समजावून जमलं नसतं, ते तिथं एका वाक्यात जमलं. लिलावातली नळी आली. दाजींनी ती तीन वेळा ऊन पाण्यानं धुतली, हळदकुंकू वाहिलं, तिची माफी मागितली आणि मगच चाचाच्या हवाली केली. खरंच सांगतो, तशी देखणी जोडणी मी पुन्हा पाहिली नाही. पहिल्या फेरीला मी मागं बसलो होतो. घाटाच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं. शेकडो माणसं खडी फोडत होती आणि पिवळी धूळ पडद्यांच्या फटींतून सरळ आत येत होती. दाजींनी मान वळवून विचारलं, “कसं वाटतंय?” अक्कांनी पदर नाकाला लावला, डोळ्यांत पाणी आलेलं दिसू नये म्हणून खाली पाहिलं आणि म्हणाल्या, “लई मोकळं वाटतंय बघा आज.” दाजी घाटभर गुणगुणत होते. मी बाहेर पाहत बसलो.

अक्का दोन वर्षांनी गेल्या. घरातच, सकाळी, चहाचं आधण ठेवता ठेवता. त्या वर्षी पाऊसही बरा झाला होता. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर दाजींनी मला अंगणात बोलावलं. दोन आठवड्यांत त्यांनी कशालाच तेल लावलं नव्हतं. जीपवर हात ठेवून, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, “गुरुजी, वाईच खाली शिरून बघता का? कुठं भोक ऱ्हायलं व्हतं का माझ्याकडनं? मला आता नीट दिसंना.”

मी जीपखाली उताणा शिरलो. इंजिनापासून शेवटच्या टोकापर्यंत हात फिरवला, एकेक सांधा चाचपला; सगळे शाबूत होते. मग खालूनच ओरडून सांगितलं, “न्हाय दाजी, एक बी न्हाय!” वर येऊन, त्यांच्या तोंडाकडं बघून मला ते सांगता आलं नसतं.