दाजींनी यंदा धूर केला नाही

माझ्या बहिणीला स्वतःच्या हातांनी लावलेली पेरूची रोपं मेलेली बघायची होती.

रोपं तेव्हा जगली. तीच गेली. आज वर्ष झालं.

आक्का विश्रामबागेत कॉलेजला बायोलॉजी शिकवायची. रिटायर झाल्यावर लोक देव देव करतात. हिनं महाबळेश्वरजवळ उतारावरची जमीन घेतली आणि दाजींना घेऊन तिथंच राहायला गेली.

एका थंडीत तिथं दव गोठून हिम पडलं. खालच्या खोलगटातले पेरू पार करपले. वर चढावरचा एक तेवढा हिरवागार.

शेजारी म्हणाले, "त्याची जातच चिवट हाय. खाण तशी माती."

आक्काला म्हण ऐकवायची सोय नव्हती.

"कशावरून? गार हवा जड असती, खाली साचती. वर थंडी कमीच लागली आसंल. खाणीची करामत का मातीची, बघाय नको?"

मग करपलेली झाडं परत फुटल्यावर तिनं खालच्या आणि वरच्या, दोन्ही झाडांना गुट्या बांधल्या. फांदीची साल काढून ओलं शेवाळ गुंडाळायचं, मुळं फुटली की कापून लावायची. बी पेरलं तर नवं पोर जन्मतं. गुटीत तेच झाड परत येतं, जीन्स जशीच्या तशी.

सगळी रोपं त्या खोलगटातच शेजारी शेजारी लावली आणि एकाच थंडीत कुठली मरतात, कुठली जगतात ते बघायला हिमाची वाट बघत बसली. फोनवर माझी चौकशी कमी, टेंपरेचरच जास्त.

हिम आलं.

पण दाजी तासगावचे, द्राक्षबागेत वाढलेले. थंडी वाढली की पहाटे बागेत धूर करायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. आक्का उठायच्या आत त्यांनी पालापाचोळा पेटवून सगळी रोपं वाचवली. वर कौतुकाच्या आशेनं चहापण ठेवला.

"आवं, कुणी सांगितलं धूर कराय? मरू द्यायची हुती की!"

"तू लावल्याली झाडं डोळ्यादेखत मरू दिऊ व्हय?"

बरेच दिवस अबोला. मला फोनवर दोघांच्या तक्रारी ऐकून हसू आवरायचं नाही.

पुढच्याच महिन्यात मिरजेच्या हॉस्पिटलात तिचं हार्ट थांबलं. प्रश्न तसाच राहिला.

या जानेवारीत परत हिमाची बातमी आली, तशी मी दाजींकडं गेले. पहाटे ते पायरीवर बसलेले. पाचोळा गोळा केलेला, हातात काडेपेटी.

"पेटवायचं का दाजी?"

"न्हाई. तिला बघायचं हुतं."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण काडी ओढली नाही.

काही दिवसांत खालच्या झाडांच्या गुट्या काळ्या पडल्या. चढावरच्या झाडाच्या मात्र त्याच खोलगटात, त्याच हिमात हिरव्या राहिल्या. माझा हात सवयीनं आक्काला फोन लावायला गेला. फार रडले.

"दाजी, खाणच निघाली की."

"एवढ्यावर ती ऐकायची न्हाई," दाजी म्हणाले. "म्हणंल, एका थंडीत काय ठरतंय? परत लावा."

काल गेले तर ते पावसाळ्यात कुठल्या फांद्यांना गुट्या बांधायच्या ते हेरत होते. खालच्या झाडांच्यासुद्धा.

आक्का, दाजींची काळजी करू नकोस. त्यांना पुढच्या थंडीपर्यंत काम आहे.

तुला मनापासून नमस्कार.