पणजोबांचा हंडा

आमच्या घराण्याचा देदीप्यमान इतिहास माझ्या नातीच्या शाळेत, सहावी ‘ब’च्या वर्गात, मधल्या सुट्टीच्या आत संपला.

दोष त्या इतिहासाच्या बाईंचा. त्यांनी टूम काढली, ‘एक गल्ली, दोन बाजू’. म्हणजे प्रभादेवीतल्या आमच्या गल्लीचा इतिहास मी सांगायचा आणि मग तोच शेजारच्या मोनिकाने सांगायचा. मी भडकलोच. इतिहास म्हणजे काय पोळी आहे, दोन्ही बाजूंनी भाजायला?

“आजोबा, तुम्ही नाही आलात तर मोनिका आंटी एकटीच बोलेल,” आमची ईरा म्हणाली.

संपलंच मग. मोनिकाचं घर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतलं मूळचं मराठी ख्रिस्ती, गल्लीतलं जुनं. “तुम्ही लोक आलात तेव्हा आमची विहीर म्हातारी झालेली,” हे ती मला लहानपणापासून ऐकवतेय. मी गेलो. नुसता नाही, हंडा घेऊन गेलो.

हा हंडा तांब्याचा. माझ्या पणजोबांनी तो दाराशी ठेवून अख्ख्या गल्लीला पाणी पाजलं. हॉलमध्ये तो स्टुलावर असतो, दसऱ्याला त्याला झेंडूची माळ, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्याची गोष्ट (चहाच्या आधी. चहानंतर लोक उठतात).

“अहो, कंबर जाईल,” बायको म्हणाली.

“जाऊ दे. परंपरा राहील.”

वर्गात मी वीस मिनिटं बोललो. “ही गल्ली आमच्या पाण्यावर वाढली,” असं मोनिकाकडे बघून म्हणालो.

एका मुलाने हात वर केला. “पाणी कुठून आणायचे?”

“विहिरीतून.”

“विहीर कोणाची?”

त्याला खाली बसवायचं सोडून बाईंनी तो प्रश्न फळ्यावर लिहिला. आजकालचं शिक्षण हे असं.

मग मोनिका उठली. “आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. त्या पाण्याने नवरीची आंघोळ. माझ्या पणजीच्या बापाने त्यासाठी खास हंडा घडवून घेतला होता. मग एका शेजाऱ्याने मुंजीसाठी दोन दिवस मागून नेला. पणजीच्या मुलींना रॉकेलच्या डब्यातून पाणी आणलं. मला प्लास्टिकच्या बादलीतून.”

“कुठला शेजारी?” बाईंनी विचारलं.

“शेजाऱ्याचं नाव कसं घ्यायचं? रोज तोंड बघायचं असतं.”

मला खरं तर तिची दया आली. कसले लोक असतात एकेक, असंही मी मोठ्याने म्हणालो.

“बाई, आपण साधन तपासू या का?” ईरा म्हणाली. (साधन म्हणजे पुरावा. पाठ्यपुस्तकात आहे म्हणे.) चार मुलींनी मिळून हंडा बाकावर उपडा घातला. बुडावर सुबक अक्षरात कोरलेलं होतं: ‘चि. मारियाच्या लग्नाचा’.

चार पिढ्यांत ते आमच्या कुणी वाचलं नव्हतं. झीज होईल म्हणून बुडाला आम्ही कुणाला हात लावू देत नसू.

“आजोबा, आपल्यात मारिया कोण?”

“शोधावं लागेल,” मी म्हणालो. सगळा वर्ग हसला. जन्मात इतकी लाज वाटली नव्हती.

बाहेर आल्यावर मी मोनिकावरच चिडलो. “इतकी वर्षं माझी गोष्ट ऐकून घेतलीस. एकदा तरी बोलायचंस.”

“चहाला बोलावून इतक्या प्रेमाने सांगायचास, भाऊ. हंडा उलटा कर, असं कसं म्हणणार?” मग म्हणाली, “डिसेंबरात माझ्या नातीचं लग्न आहे. तेवढा आणून दे.”

तो मी दिला, कायमचा. लग्नाच्या आदल्या दिवशी बॅंडच्या मागून विहिरीपर्यंत मीच डोक्यावरून नेला आणि कंबरही तिथेच गेली. हॉलमधलं स्टूल आता रिकामं आहे. ईराला त्या प्रकल्पात पैकीच्या पैकी मिळाले आणि तिला पुराव्यांची चटक लागली आहे. तेव्हापासून आमच्या घरात घासलेली भांडी उपडी घालायला मी सक्त मनाई केली आहे.