चढ आला की रुखमा उतरायची

बल्लारपूरच्या पेपर मिलमधून सोमाजी खोब्रागडे रिटायर झाला, तेव्हा सोबत्यांनी त्याला शाल दिली आणि आता तरी ती सायकल भंगारात घाल, असा सल्लाही फुकटात दिला. शाल त्याने घडी करून ठेवली, सल्लाही तसाच ठेवला. सायकल काळी, दणकट, मागे रुंद कॅरिअरची. कॅरिअरवर त्याच्या बायकोने, रुखमाने, जुन्या लुगड्याची गादी शिवून सुतळीने बांधली होती. ती जागा तिची.

रुखमाला जन्माचा सिकलसेल, रक्ताचा आजार. थंडी पडली की सांधे असे धरायचे की तांब्या उचलवत नसे. पण बसमध्ये तिला मळमळे, म्हणून वरोऱ्याचं माहेर असो की चंद्रपूरचा दवाखाना, बाई निघायची ती कॅरिअरवरच. तिचा एक नेम होता. चढ आला की ती उतरायची. माझा भार तुमच्या छातीवर नको, म्हणायची. "तुमी समोर व्हा, मी येतोच," एवढं बोलून दुखऱ्या गुडघ्यांनी सावकाश चालू लागायची. सोमाजी वर जाऊन एक पाय जमिनीला टेकवून वाट पाहायचा. ती आली की पुन्हा दोघं निघायचे. सगळा संसार त्यांनी असाच केला.

तिची एक हौस मात्र राहून गेली. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते, ते तिला पाहायचं होतं, आणि तेही कॅरिअरवर बसून. रिटायर झालो की जाऊ, असं सोमाजीने कबूल केलं. तो रिटायर झाला आणि त्याच पावसाळ्यात ती गेली.

पुढल्या मार्चात, सिकलसेलच्या लेकरांच्या औषधपाण्यासाठी बल्लारपूर ते सिरोंचा सायकलफेरी निघणार असं गावात कळलं. सोमाजीने सिरोंचा एवढंच ऐकलं आणि नाव देऊन मोकळा झाला. मुलाने, अश्विनने, वयाची आठवण करून दिली. बापाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. फेरीतल्या पोरांच्या सायकली हरणासारख्या. त्यांनी सांगितलं, काका, ते कॅरिअर काढा, हलकं जाईल. सोमाजीने हसून सुतळी आणखी आवळली. नियम एकच होता: सगळ्यांच्या मागे अजय नावाचा तरुण मास्तर पिकअप घेऊन येणार, आणि जो फारच मागे पडेल त्याची सायकल गाडीत चढणार. सोमाजीला धाक होता तो त्या पिकअपचा. गाडीत बसूनच सिरोंचा पाहायचं, तर मग तिला दिलेला शब्द कसला?

पहिला दिवस धानाच्या मोकळ्या बांध्यांमधून गेला. आलापल्लीला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी मात्र जंगल लागलं. साग पानं झडून उघडे उभे, आणि मधूनमधून मोहाची झाडं टपटप फुलं गाळणारी. त्या गोड, जड वासात माणसाला जागेपणीच पेंग येते. बाया झाडाखाली वाकून फुलं वेचत होत्या आणि त्यांचं बोलणं लांबून पाण्यासारखं ऐकू येत होतं. सोमाजीचे पाय चालत होते, मन कुठल्या वर्षात होतं कोण जाणे. पाठीला कुणाचा तरी खांदा टेकल्यासारखं वाटत होतं, आणि त्याला ते फार बरं वाटत होतं.

घोळ झाला तो चढांवर. प्रत्येक चढ तो चढून जाई आणि वर पोचला की एक पाय टेकवून थांबे. मागे वळून रस्ता पाहत राही. तसा सोमाजी रोज त्रिशरण म्हणणारा बौद्ध. आत्मा-बित्मा, भूत-खेत त्याने जन्मात मानलं नव्हतं. पण पायांना कोण समजावणार? मोहाच्या वासात रस्त्याच्या वळणावर लुगड्याचा पदर हलल्यासारखा वाटे, आणि तो आणखी जरा थांबे. असे कितीतरी चढ झाले, कितीतरी वेळा वाट पाहून झाली. पोरं पार पुढे निघून गेली, आणि दिवस कलता कलता पिकअप त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

अजय खाली उतरला. अंधाराच्या आत जंगल ओलांडायचं होतं, त्याचा जीव टांगणीला लागला होता. "काका, थकले तं सांगा ना. घडी घडी काऊन थांबता?"

"थकलो नाई. वाट पाहून राह्यलो."

कोणाची, ते त्याने एका दमात सांगितलं. रुखमा, गादी, चढ, सगळं. अजय आधीच वैतागलेला, त्याच्या तोंडून निघून गेलं, "काकू मागं कुठी आहे, काका? काकू तं समोर गेली."

बोलला आणि ओशाळला. गादीवर हात ठेवून सोमाजी उभा राहिला, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्याचे डोळे भरून वाहिले. अजयने मान वळवली. मग पिकअपच्या धडधाकट चाकाला उगीच लाथ मारून म्हणाला, "याच्यात हवा कमी वाटते. पाहतो मी. तुमी व्हा समोर."

आता मधे शेवटचा चढ तेवढा उरला होता. त्याच्या पायथ्याशी सोमाजी क्षणभर रेंगाळला. वर आभाळ तांबूस झालं होतं आणि रस्ता रिकामा होता.

"तू समोर हो, रुखमा," तो हळूच म्हणाला. "मी येतोच."

वर पोचल्यावर त्याने पाय टेकवला नाही. सायकल तशीच उताराला लागली.

सिरोंच्याला, संगमावर, पोरं फोटो काढत होती. सोमाजीने सायकल वाळूपर्यंत नेली, सुतळी सोडली, गादी पाण्याकडे तोंड करून मांडली, आणि आपण शेजारी नुसत्या वाळूवर बसला.