पान्याची ठकठक

दुकानात त्याचा वस्तरा इतका हलका फिरायचा की गिऱ्हाईक खुर्चीतच डुलक्या घ्यायचं. पण दुकान बंद करून घरी आला आणि जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं, की त्याच माणसाचे हाल कुत्रं खात नसे. सायलेन्सरने कोपराखाली भाजलेला डाग, पाना निसटून काळंनिळं झालेलं नख, बॉनेट डोक्यात आदळून आलेलं टेंगूळ. एकदा नळीने पेट्रोल ओढताना घोटभर पोटात गेलं, तर बायकोने दिवसभर त्याला शेगडीच्या आसपास फिरकू दिलं नाही. गल्लीत सगळे त्याला खटपट्या म्हणत. तेही तोंडावर.

गॅरेज तसं हाकेच्या अंतरावर होतं. पण आपली गाडी गॅरेजवाल्याला द्यायची, तर आपली दाढीही त्याच्याकडूनच करून घ्यावी, असं त्याचं म्हणणं. बायको शिवणकाम करायची. तिने सांगून सांगून पाहिलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिने दोन नियम घातले. अंगणाला किंचित उतार होता, म्हणून तो गाडीखाली शिरण्याआधी मागच्या चाकाला वीट लावायची ती तिनेच, दुसऱ्या कुणी नाही. आणि तो खाली असेपर्यंत, आतल्या खोलीत मशीनवर एकेक शिवण संपली की ती हाक मारणार, "आहात का?" त्याने खालून ओरडायचं, "आहे अजून!" बॉनेट डोक्यात पडलं तेव्हा तो बराच वेळ अंगणात बेशुद्ध पडला होता आणि तिला पत्ताही नव्हता. त्या दिवसापासूनचे हे नियम. मधल्या वेळात पान्याची ठकठक ऐकू आली की तिला पुरे. ठकठक म्हणजे माणूस जागेवर आहे.

त्या सुट्टीच्या दुपारी मात्र दोघांत अबोला होता. आठवड्यापूर्वी त्याने अंगठा चिमटून घेतला होता. पट्टी बांधलेल्या हातात वस्तरा पाहून एक जुनं गिऱ्हाईक खुर्चीवरून उठून गेलं. हे तिला कळलं आणि तिचा पारा चढला.

"हात गेला तर खाणार काय आपण? गाडी गॅरेजला द्या."

"सायलेन्सरचा एक नट आहे. त्यात कसलं गॅरेज?"

"मग करा काय करायचं ते. आज मी वीटही लावणार नाही आणि हाकही मारणार नाही."

"नको मारूस," तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण वर म्हणाला, "तेवढीच शांतता."

ती आत गेली. वीट दाराला टेकण म्हणून उभी होती, ती तशीच राहिली. स्वतः उचलून लावायला काय झालं होतं? पण ते तिचं काम, आणि तिचं काम आपण केलं तर आपण नमलो, असलं काहीतरी त्याच्या डोक्यात. जॅक चढवला, सवयीने स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवली आणि तो पाठीवर घसरत आत गेला. आतून मशीनचा आवाज येत होता.

नट गंजला होता. त्याने हलक्या हाताने ठोकून पाहिलं, तेल सोडलं, पुन्हा ठोकलं. मग बायकोवरचा सगळा राग पान्यात घालून त्याने एक जोराचा हिसका दिला. गाडी डुलली. मागचं चाक उतारावर बोटभर सरकलं आणि जॅक कलंडला.

गाडी स्टेपनीवर येऊन टेकली. स्टेपनी नसती तर तिथेच सगळं संपलं असतं. पण स्टेपनीने ठेवलेली जागा एखाद्या सडपातळ माणसाला पुरली असती, त्याला नाही. लोखंड छातीवर बसलं होतं. तो घाबरला, फार घाबरला. हाक मारायला तोंड उघडलं तर श्वासच नव्हता. नुसती फुंकर बाहेर आली. डावा हात अंगाखाली अडकलेला. उजवा मोकळा होता आणि त्यात पाना होता.

त्याने पाना सायलेन्सरवर मारला. ठक, ठक, ठक. जीव खाऊन मारला. आतलं मशीन चालूच. तो थांबला, पुन्हा मारू लागला. या शिवणीनंतर ती हाक मारेल, असं वाटून त्याने कान टवकारले. मशीन क्षणभर थांबलं. हाक आली नाही. मशीन पुन्हा सुरू झालं.

छातीवरचा भार वाढल्यासारखा वाटत होता. पाना मारता मारता त्याच्या लक्षात आलं. ठकठक ऐकून ती निश्चिंत होत होती. तो जितकं जोरात ठोकत होता, तितकी ती आत खुशाल बसत होती. नवरा रागारागात काम करतोय, करू दे, असंच तिला वाटत असणार.

म्हणजे ठोकणं थांबवायला हवं होतं. बुडत्याने हातातली काडी आपण होऊन सोडायची, तसलं काम. तो थांबला आणि ती आवाज ऐकतच नसली, तर? रागाने कान बंद करून बसली असली, तर? मीच म्हणालो तिला, तेवढीच शांतता. हात पुन्हा पुन्हा आपोआप वर जात होता. शेवटी त्याने पाना मातीत टाकला आणि बोटं मिटून घेतली.

अंगण शांत झालं. मशीन चालू होतं. तो त्या आवाजाकडे कान लावून पडून राहिला. श्वास वरवरचा, कुत्र्यासारखा. मशीन चालू होतं. नाही ऐकत ती, त्याला वाटलं, आणि त्याला रडू आलं.

मशीन थांबलं.

"आहात का?"

त्याच्या तोंडून पुन्हा नुसती फुंकर आली.

"अहो?" खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग तिची पावलं. तिने खाली वाकून पाहिलं, तिचा चेहरा पांढराफटक पडला. आधी दारातली वीट उचलून चाकामागे लावली. मग जॅक ओढला, तो कायम बसवायचा त्याच जागी बसवला आणि दोन्ही हातांनी दांडा फिरवू लागली. इतकी वर्षं त्याच्यासाठी बॅटरीचा उजेड धरून उभी राहिली होती, तेवढं तिला पाठ होतं. लोखंड हळूहळू छातीवरून उठलं. तिने पाय धरून त्याला बाहेर ओढलं.

बरगडीला तडा गेला होता आणि मनगटाला खरचटलं होतं. निभावलं ते एवढ्यावर. पण डॉक्टरकडे जायच्या आधी तिने त्याला आत नेऊन तिच्याच खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. पेला तिनेच धरला.

समोर मशीनवर कापड तसंच होतं. त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुईच्या बारीक भोकांच्या ओळी होत्या, एकाखाली एक. एकाही ओळीत टाका नव्हता. त्याने सुईकडे पाहिलं.

"दोरा नाही यात," तो कसाबसा म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "लक्ष बाहेर होतं माझं."