सेंटरला जावई

आमच्या घराण्यात आजवर कुणाचीही पत्रिका मांडलेली नाही.

हे मी अभिमानानं सांगतो. कुणी विचारलं नाही तरी सांगतो! आम्ही बौद्ध, ग्रह-तारे, राहू-केतू ही मंडळी आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाहीत. माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या आबांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) सासऱ्यांना एकच प्रश्न विचारला, "मुलगी शिकली किती?" सासऱ्यांनी उलट विचारलं, "मुलगा पितो का?" दोन प्रश्नांत लग्न जमलं आणि अजून टिकून आहे.

अशा घरातला मी, गांगुर्डे, सरकारी खात्यातला सीनियर क्लार्क, थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वेळी गुण जुळवताना रंगेहाथ पकडला गेलो. तेही मुलाकडच्यांसमोर, भल्यामोठ्या टीव्हीवर!

सुरुवात झाली आमच्या धाकटीपासून. बोधी कॉलेजच्या टीममध्ये बास्केटबॉल खेळते आणि घरी आली की टीव्हीला जोडलेल्या गेमच्या डब्यावर पुन्हा बास्केटबॉलच खेळते. एका संध्याकाळी मी बातम्यांची वाट बघत शेजारी बसलो होतो. पडद्यावर एक ताडमाड खेळाडू आला आणि त्याच्या नावापुढे आकडा : ९६.

"हा काय, ह्याचा शर्ट नंबर?"

"नाही पप्पा, हा त्याचा ओव्हरऑल. म्हणजे एकूण माणूस किती भारी आहे ते. जास्तीत जास्त नव्व्याण्णव."

"शंभर का नाही?"

"शंभर कुणीच नसतं, पप्पा."

मी चष्मा काढून पुसला. एवढं मोठं तत्त्वज्ञान इतक्या सहज माझ्याच सोफ्यावर बसून कुणीतरी बोललं होतं, आणि बोलताना चिवडा खात होतं!

मग तिनं एक बटण दाबलं आणि त्या माणसाचं अख्खं आयुष्य उलगडलं. लांबून नेम किती, जवळून किती, धावणं, उडी, ताकद, दम, चेंडू हिसकावणं, प्रत्येकाला वेगळे गुण. आणि हे गुण कायमचे नाहीत! तो खेळाडू खऱ्या मैदानावर चार सामने वाईट खेळला की गेम बनवणारे त्याचे गुण उतरवतात, चांगला खेळला की चढवतात. कुठल्यातरी परदेशी ऑफिसात माणसं पगार घेऊन दिवसभर हेच बघत बसतात म्हणे. आमच्या ऑफिसात माझा गोपनीय अहवाल वर्षातून एकदा लिहितात, तोही मागच्या वर्षीचा बघून. मी थक्क झालो.

"आणि हे 'इंटँजिबल्स' काय?"

"जे मोजता येत नाही ते सगळं."

"आणि त्याचेही गुण?"

"हो. ह्याचे ब्याण्णव."

जे मोजता येत नाही त्याचे ब्याण्णव! मी उठून पाणी पिऊन आलो.

त्या दिवसापासून मला नाद लागला. बोधीनं गेममध्ये आमच्या घराचीच टीम तयार केली. फोटो टाकला की चेहरा येतो, बाकीचे गुण आपण भरायचे, ओव्हरऑल गेम स्वतः काढतो. थोरली प्राजक्ता ८१. सौ. संगीता ८४, इंटँजिबल्स तर थेट ९५. मी अठ्ठावन्न.

"अठ्ठावन्न? अगं, मी रोज फिरायला जातो!"

"पप्पा, तुम्ही कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीपर्यंत जाता."

"पुनर्मूल्यांकन कर."

तिनं केलं. सत्तावन्न आले! तो गेलेला एक गुण परत मिळवायला मला दोन दिवस तिला क्लासला सोडावं लागलं.

इकडे प्राजक्ताचं जमत आलं होतं. ती फिजिओथेरपिस्ट आहे, आणि मुरगळलेला पाय घेऊन आलेला अनिकेत पगारे नावाचा इंजिनीअर पाय बरा झाल्यावरही येतच राहिला. मूळचा कळवणचा, वडील निवृत्त हेडमास्तर. मुलगी सरळ माझ्यापुढं येऊन म्हणाली, "पप्पा, मला अनिकेत आवडतो. रविवारी त्याच्या घरचे येतायत. तुम्ही फक्त जास्त बोलू नका."

मुलगी गेली आतल्या खोलीत आणि मी तिनं ठेवलेला अनिकेतचा बायोडाटा उलटसुलट वाचत बसलो. घरी दोनदा येऊन गेलेला, एकदा हॉटेलात आमच्यासोबत जेवलेला हा मुलगा दिसायला बरा, बोलायला बरा. पण आज बरा असलेला माणूस पुढं कसा निघेल हे बापाला कोण सांगणार? पत्रिका तर आम्ही बघत नाही! आणि तेव्हाच मला आठवलं, गेममध्ये अजून एक खाना होता. 'पोटेन्शियल'. म्हणजे आजचा नाही, पुढं कुठवर जाईल त्याचा आकडा.

"बोधी," मी दार लोटून हळूच म्हणालो, "अनिकेतला बनव."

"पप्पा, ताई मारेल!"

"बापाचं काळीज आहे गं. बनव."

बायोडाट्यावरचा फोटो टाकला. माहिती मी पुरवली. दम? दुसऱ्या मजल्यावर येताना धाप लागत नाही, ऐंशी. पासिंग? जेवताना भाजीचं भांडं आधी दुसऱ्याकडं सरकवतो, नव्वद. (हे मी हॉटेलात स्वतः पाहिलं होतं.) बोधीनं विचारलं, "पोझिशन कुठली?" पाच नावं समोर आली, त्यात एक होतं 'सेंटर'. मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. जावई म्हणजे घराच्या मधोमध उभा असणारा माणूस!

"सेंटर," मी म्हणालो.

"पप्पा, नक्की?"

"माझ्या मुलीचा नवरा काय कोपऱ्यात उभा राहणार? सेंटर!"

बोधीनं खांदे उडवले आणि बटण दाबलं. अनिकेत पगारे : त्रेसष्ट.

माझी मुलगी एक्क्याऐंशी, आणि हा त्रेसष्ट! पोटेन्शियल बघायचंही त्या धक्क्यात राहून गेलं. रविवारपर्यंतचे तीन दिवस मला जेवण गेलं नाही; रोज रात्री त्या दोघांना पडद्यावर शेजारी-शेजारी लावून मी बघत बसे. संगीता म्हणाली, "अहो, ॲसिडिटी असेल." मी काय सांगणार? गोळी घेतली.

रविवारी सकाळी पाहुणे आले. अनिकेत, त्याचे वडील पगारे गुरुजी आणि लासलगावचे मामा. मामा कांद्याचे व्यापारी. हातात बुके वगैरे नाही, थेट कांद्याची गोणी घेऊनच जिना चढले. जय भीम झाला, चहा झाला. गुरुजींचे कपडे कडक इस्त्रीचे आणि आवाज त्याहून कडक.

"गांगुर्डे साहेब, एक स्पष्ट सांगतो. आम्ही पत्रिका, गुण, मुहूर्त यातलं काही मानत नाही."

"अहो, आमच्यात तर आबांपासून!" मी छाती पुढं काढली. "माणूस आकड्यांत मोजणं म्हणजे अडाणीपणा, गुरुजी!"

गुरुजी प्रसन्न झाले. आतून प्राजक्ता पडद्याआडून माझ्याकडं बघून हसली. मी त्याच क्षणी गप्प बसलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मामा म्हणाले, "पाव्हणं, टीव्ही लावा की जरा. कांद्याच्या भावाची बातमी असंल."

मी तत्परतेनं रिमोट उचलला.

आता टीव्ही बंद केला म्हणजे गेमचा डबाही बंद होतो असं मी समजत होतो. तो होत नाही. तो झोपलेला असतो, आणि टीव्ही लावला की जिथं झोपला तिथंच जागा होतो.

कांद्याच्या बातम्यांऐवजी पडद्यावर अनिकेत आला. सेंटर म्हणून गेमनं आपणहून सात फूट उंच केलेला, बिनबाह्यांचा बनियन, दंड उघडे, आणि त्या राक्षसी देहावर बायोडाट्यातला टाय लावलेल्या मुलाचा भेदरलेला चेहरा. शेजारी प्राजक्ता. मधोमध बाण. डावीकडे ८१, उजवीकडे ६३.



"हा... आपला अन्या हाय का?" मामांनी विचारलं.

"हे गुण कसले?" गुरुजींनी विचारलं.

"ओव्हरऑल," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्ही गुण जुळवलेत?"

"छे छे! यात ग्रह नाहीत, गुरुजी! हे... हे वैज्ञानिक आहे!"

"आणि आमच्या मुलाला त्रेसष्ट?" गुरुजींचा आवाज चढला. "माझ्या शाळेत, माझ्या हातून, कुठलीही सवलत न देता तो ऐंशीच्या खाली कधी आला नाही!"

मी घाईघाईनं टीव्ही बंद करायला गेलो आणि हातात आला गेमचा रिमोट. दाबलं भलतंच बटण! पडद्यावरचा अनिकेत उडी मारायला गेला, चुकला आणि तोंडावर आपटला. पुन्हा. पुन्हा! मी जितका दाबतोय तितका जावई आपटतोय.

"पप्पा!" प्राजक्ता बाहेर आली होती. ती ओरडली नाही; ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझ्यामुळं होतं. गुरुजी उभे राहून चपला शोधत होते. त्या वेळी गेमनं माझे गुण काढले असते तर उणे आले असते.

"काका," अनिकेत पहिल्यांदाच बोलला. तो पडद्यापाशी जाऊन निरखून बघत होता. "मला सेंटरला का टाकलंय?"

"अं?"

"मी पाच फूट सात इंच आहे. सेंटर बास्केटखाली उभा असतो, सगळ्यात उंच, सगळ्यात दांडगा. मी तिथं कसा चालणार?"

"पप्पा म्हणाले, जावई घराच्या मधोमध पाहिजे," बोधीनं मला उघडं पाडलं.

अनिकेत खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. "बोधी, मला पॉइंट गार्ड कर, म्हणजे सगळ्यांना चेंडू पुरवणारा. बाकी एकही गुण बदलू नको."

तिनं फक्त जागा बदलली. पडद्यावरचा आकडा गरगर फिरला आणि थांबला. ब्याऐंशी!

चपलेत एक पाय घातलेले गुरुजी तसेच उभे. "हे कसं? मुलगा तोच, गुण तेच..."

"गुरुजी काका, ओव्हरऑल म्हणजे सरासरी नसते," बोधी समजावायला लागली. "प्रत्येक जागेला वेगळ्या गुणाचं वजन जास्त. इंजिनीअरिंगला गणिताचे मार्क धरतात, चित्रकलेचे नाही, तसं. सेंटरला ताकद आणि उडी. गार्डला पासिंग आणि चेंडूवरचा ताबा. दाजी पासिंगमध्ये नव्वद आहेत."

(ती 'दाजी' म्हणाली होती. प्राजक्ताचं आणि माझं, दोघांचं लक्ष एकदमच गेलं.)

"हे बराबर हाय," मामा मांडीवर थाप मारून म्हणाले. "लाल कांदा चाळीत साठवला तर चार दिसांत सडतो, लोक म्हणत्यात माल खराब. आरं, पण तोच आज भाजीत घाल, लय भारी! कांदा खराब नाय, जागा चुकली."

गुरुजींनी चपलेतला पाय काढला. सोफ्यावर टेकले.

"आयुष्यभर मी पोरांना एकाच फुटपट्टीनं मोजलं," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यातली किती पोरं नुसती चुकीच्या जागी उभी असतील, गांगुर्डे साहेब!"

खेळण्याच्या डब्यातून एवढं मोठं काही निघेल असं मला वाटलं नव्हतं. प्राजक्ता अनिकेतच्या शेजारी जाऊन बसली आणि कुणालाही त्यात काही विशेष वाटलं नाही. संगीतानं पुन्हा चहा टाकला, म्हणजे जमलं.

मग काय, जो तो रांगेत! मामांनी ताकदीत भांडून भांडून अठ्ठ्याऐंशी घेतले. गुरुजींना शिस्तीचे गुण हवे होते. तसा खाना नाही म्हटल्यावर त्यांनी डिफेन्समध्ये मागून घेतले.

"आणि आमचे व्याही?" गुरुजींनी विचारलं.

बोधीनं मला पडद्यावर आणलं. अठ्ठावन्न. सगळे हळहळले.

"अगं, जागा चुकली असेल!" मी उत्साहानं म्हणालो. "बदल, बदल!"

तिनं मला पॉइंट गार्ड केलं. पंचावन्न. फॉरवर्ड केलं. त्रेपन्न. सेंटर केलं. एकेचाळीस!

"थांबवा, थांबवा," मामा कळवळले. "लिलाव उतराय लागला!"

"काकांचं पोटेन्शियल बघ," अनिकेत माझी बाजू सावरत म्हणाला. गुणी पोरगा! बोधीनं बघितलं. पोटेन्शियलही अठ्ठावन्नच. म्हणजे मला जिथवर जायचं होतं तिथं मी पोचलोय!

लग्न छान झालं. जावई आजही भाजीचं भांडं आधी माझ्याकडं सरकवतो. मी मात्र अधूनमधून आबांच्या फोटोसमोर उभा राहून विचार करतो. आबा, तुमचं सगळं बरोबर होतं. पण एक पत्रिका तेवढी मांडून ठेवली असती, तर या अठ्ठावन्नचं खापर मला निदान शनीवर तरी फोडता आलं असतं!