चेहरा राखणारे सर

आमच्या सरांना चटकन किळस यायची. रक्ताची किंवा पुवाची नाही, ते तर कानाच्या सर्जनचं रोजचंच. पण थिएटरमध्ये कुणी रुग्णाला ‘ती गाठवाली’ म्हटलं, की मास्कच्या आडही त्यांचं नाक मुरडलेलं कळायचं. आम्ही सिस्टर मंडळी त्यांना पाठीमागे नाकमुरडे सर म्हणायचो. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात मी त्यांच्या हाताखाली होते.

ऐकण्याच्या नसेवर येणारी गाठ काढणं हे त्यांचं खास काम. तिला खेटूनच चेहऱ्याची नस जाते. त्या नसेला इजा झाली की अर्धा चेहरा लुळा पडतो, डोळा मिटत नाही, प्यालेलं पाणी ओठातून गळतं. सर म्हणायचे, “गाठ कुणीही उपटेल. चेहरा जागेवर ठेवून काढली, तर ते ऑपरेशन.” आदल्या दिवशी ते रुग्णासमोर खुर्ची ओढून बसत, त्याला हसायला आणि गाल फुगवायला लावत, आणि स्वतः टक लावून बघत राहत.

ऑपरेशनच्या वेळी रुग्णाच्या डोळ्याजवळ आणि ओठाजवळ बारीक सुया टोचून त्या एका मशीनला जोडत. नसेला त्रास झाला की मशीनमधून लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा आणि सरांचा हात तिथल्या तिथे थांबायचा. रुग्णालयाच्या मालक डॉक्टरांना हे थांबणं खपायचं नाही.

सटाण्याच्या लताबाई आल्या तेव्हाची गोष्ट. त्यांच्या गावात एकीचं असंच ऑपरेशन झालं होतं आणि तिचं तोंड वाकडं झाल्यावर घरातली लेकरंही तिच्याजवळ जाईनात, हे लताबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या सरांना एवढंच म्हणाल्या, “मन्हं तोंड वाकडं ते नही व्हई ना, डॉक्टर?” सरांनी खोटा धीर दिला नाही. नस वाचवायला गाठीचा थोडा भाग आत ठेवावा लागला तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. बाईंनी विचार करून होकार दिला.

ऑपरेशन सुरू होऊन बराच वेळ झाला. मशीन एकदाही वाजलं नाही म्हणून मदतनीस डॉक्टर खूश होते. सरांनी मात्र हात थांबवला.

“एवढी गाठ सोलतोय आणि नस हूं की चूं करत नाही? हे चांगलं लक्षण नाही.”

त्यांनी करंटची बारीक सळी नसेला लावली. तरी मशीन गप्पच. मग त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारलं. ते बाहेरून आलेले, नवे होते. पेशंट जरा हलल्यासारखी वाटली म्हणून स्नायू ढिले करायचं औषध दिलं, असं त्यांनी सहज सांगितलं. हे औषध द्यायचं नाही, असं सरांनी सकाळीच बजावलं होतं. स्नायूच हलणार नसतील, तर मशीनला कळणार तरी काय?

सरांनी हत्यारं खाली ठेवली. औषध उतरेपर्यंत थांबायचं ठरलं. तेवढ्यात मालक दारात आले. पुढचा पेशंट ताटकळलाय, जिवाला तर धोका नाही, मग एका चेहऱ्यापायी किती थांबायचं, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. समोर बाईची कवटी उघडी होती.

“बाहेर जा,” सर म्हणाले. “इथं माणूस झोपलंय.”

औषध उतरल्यावर सळी लावताच मशीन टकटक बोलू लागलं. शेवटचा पातळ थर नसेला घट्ट चिकटलेला होता. त्याला हात लावताच लाह्या फुटल्या, तेव्हा सरांनी तो तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी लताबाई दोन्ही गालांनी हसल्या. थर आत राहिला आहे, दरवर्षी तपासणी करायची, हे सरांनी त्यांना नीट समजावलं.

पुढच्याच आठवड्यात फाटकावर लताबाईंच्या हसऱ्या फोटोचा फलक लागला. ‘गाठ समूळ काढली!’ बाईंना कुणी विचारलंही नव्हतं. सरांनी स्वतःच्या हातानं तो फलक उतरवला आणि राजीनामा देऊन ते गेले.

त्यांच्यानंतर मशीन वॉर्डशेजारच्या खोलीत कापडाखाली गेलं. नव्या सर्जननी ते न लावताच असंच एक ऑपरेशन केलं. रुग्ण गंगापूरकडचा, गुलाबाची शेती करणारा. शुद्धीवर आला तेव्हा त्याचा अर्धा चेहरा ओघळलेला होता. पोटच्या पोरासारखी गुलाबं जपणाऱ्या त्या माणसाच्या बायकोला सर्जन हसत म्हणाले, असं होतंच, गाठ तर पूर्ण निघाली ना. त्या हसण्याची किळस मला आजही येते.

मी सरांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, “डोळा मिटतोय?”

नाही म्हटल्यावर त्यांनी थेंब, मलम, झोपताना पापणीला पट्टी, सगळं सांगितलं. मग म्हणाले, “घरच्यांना खरं कुणी सांगितलंय?”

“नाही, सर.”

“मग तुम्ही सांगा.”

चेहऱ्याची नस राखायला एक मशीन असतं, ते या ऑपरेशनला लावलंच नव्हतं, असं मी त्याच्या बायकोला सांगितलं.

“मशीन इथं होतं?”

मी तिला शेजारच्या खोलीत नेलं आणि कापड बाजूला केलं. त्या रुग्णालयातली ती माझी शेवटची ड्यूटी.