होडीच्या मागची पेटी

होडीच्या मागे लोखंडी पेटी लावायची कल्पना माझी होती. त्यामुळे पुढच्या सगळ्या कटकटी माझ्याच नावावर जमा झाल्या, आणि अजूनही कोलशेतला घरी जेवायला बसलं की कुणीतरी तो विषय काढतंच.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. बाबा खाडीत डोलीचं जाळं लावायचे. हे जाळं खुंटांना बांधलेलं असतं आणि पाणी फिरायच्या वेळी तिथे हजर राहून ते उचलावं लागतं. उशीर झाला की मासे उलट्या पाण्याबरोबर निघून जातात. आमच्या होडीत मधोमध डिझेलचं इंजिन होतं आणि पंखा तळाखाली. खाडी दरवर्षी गाळाने भरत चाललेली. पंखा गाळात रुतायचा, इंजिन गप्प व्हायचं आणि साठी ओलांडलेले बाबा कमरेएवढ्या चिखलात उतरून होडी ढकलायचे. त्या वर्षी पावसाळ्याच्या आधी ते असेच अख्खी ओहोटी अडकून पडले. परत आले ते गुडघे सुजवूनच. आईने मला सांगून टाकलं, "या साली होडीचा कायतरी कर, नाय तर यांना घरी बसव." घरी बसायचं म्हणजे नव्या बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन व्हायचं, हे बाबांना कळत होतं. ते कितीतरी दिवस आमच्याशी धड बोलले नाहीत.

मी फॅक्टरीत फिटर. नौपाड्यात रद्दीच्या दुकानात मला एक परदेशी बोटींचं मासिक मिळालेलं. त्यातल्या एका चित्रात बोटीच्या मागे बंद पेटी बसवलेली होती आणि पेटीवर पंख्यासकट मशीन टांगलेलं. गाळ आला की मशीन वर उचलायचं, गाळ संपला की खाली सोडायचं. पेटीत नुसती हवा असते, म्हणून ती मशीनचं वजन पाण्यावर तोलून धरते. मी हे बाबांना समजावलं. त्यांची एकच अट होती, होडीच्या अंगाला करवत लावायची नाही. आमच्या होडीची मागची बाजू निमुळती, तिथे मशीन अडकवायला जागाच नव्हती, म्हणून पेटीशिवाय गत्यंतरही नव्हतं. डोंबिवलीच्या एका वेल्डरकडून मी ती करून घेतली, बोल्टांनी बसवली, जुनं इंजिन उपसून काढलं, पंख्याच्या दांड्याचं तळातलं भोक बुजवलं आणि रॉकेलवर चालणारं मशीन आणलं.

आता शहाणा माणूस काय करेल? पाण्यात उतरवून एकदा चालवून बघेल. पण नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी खाडीत घालायची नाही हा बाबांचा नियम. "नुसती बघायला नेतो, जाळं टाकायला नाही," असं मी परोपरीने विनवलं. "बघायला म्हंजे पाण्यातच ना?" ते म्हणाले आणि बिडी पेटवली. म्हणजे माझ्या पेटीची पहिली परीक्षा सगळ्या गावासमोर, बँडच्या तालावर होणार होती.

त्यातून मला न विचारता एक उद्योग झाला होता. मी पाळीवर असताना बाबांनी गावातल्याच एका ग्रिलवाल्याला बोलावून पेटीला वरून झाकण कापून घेतलं. होडीत एवढी मोठी पेटी आणि ती रिकामी, हे आमच्या घरात कुणाच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. होडीत बोटभर जागा मोकळी दिसली तर तिथे काहीतरी कोंबायचं, हे आमच्या रक्तात आहे. पौर्णिमेच्या सकाळी त्या पेटीत बर्फ, पाण्याची कळशी, दोरखंड, जुनं जाळं आणि प्रसादाचे नारळ असा संसार मांडला होता. मी पाहिलं तेव्हा होडी पाण्यात होती आणि नारळ वाहून झाला होता.

मशीन सुरू झालं. मागे लाट उठली आणि झाकणातून पेटीत पाणी शिरलं. होडी मागून बसायला लागली, मशीन बुडून बंद पडलं आणि आमचा प्रसाद खाडीवर तरंगत किनाऱ्याकडे परत आला. बँडवाले वाजवतच राहिले. चारी बाजूंनी सल्ले सुरू झाले. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुजी पेटी डुबली." माझी पेटी. मला इतका राग आला की मी तसाच ओल्या पँटने घरी निघून गेलो.

झाकण मी पुन्हा वेल्ड करून बंद केलं, मशीन उघडून साफ केलं. होडी चालायला लागली, तर नवीन तक्रार. मधलं इंजिन गेलं, वजन मागे आलं, त्यामुळे जाताना रिकाम्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, हवेत. मागे बसलेल्या बाबांना समोरचे खुंट दिसेनात. मी पुढे वाळूच्या गोणी ठेवा म्हटलं. "वाळूवाला हाय काय मी?" संपलं.

शेवटी आई म्हणाली, "मी बसते पुढं." आई तोवर कधी जाळ्याच्या होडीत गेली नव्हती. बाबा मासे आणायचे आणि ती ते नौपाड्यात नेऊन विकायची, अशी घरातली वाटणी. वजनाच्या नावाखाली ती रोज नाळीवर बसून जाऊ लागली. येताना माशांनी भरलेल्या टोपल्या पुढे ठेवल्या की होडी सरळ चालायची, मग आई मधे बसून मासे निवडायची. बाबा गाळात अडकायचे थांबले. गेटवरच्या नोकरीचं नाव कुणी काढलं नाही. पेटीला मात्र त्यांनी शेवटपर्यंत चांगलं म्हटलं नाही.

अशी काही वर्षं गेली. एकदा पाळी सुटल्यावर मी बंदरावर उभा होतो. होडी येताना दिसली. ओहोटी लागलेली, तरी बाबांनी मशीन उचललं आणि वल्ह्याने रेटत गाळाचा पट्टा सहज पार केला. मी मनात खूश झालो. मग दिसलं की आई नाळीवर बसली आहे. मला चीडच आली, मासे निवडायचे सोडून ही पुढे काय करतेय म्हणून.

होडी लागली. "मधे बसली का नाळ वर जाते," बाबा म्हणाले. आईने रिकाम्या टोपल्या एकात एक घातल्या आणि माझ्या हातात दिल्या.